प्रा. विल्यम रॉब्सन : कचेरीत न्याय मागणारा पंडित

घरावर अथवा जमिनीवर सरकारी नोटीस आली म्हणजे सामान्य गृहस्थाचे धाबे दणाणते. रस्ता रुंद व्हावयाचा असतो, निर्णय कचेरीतील अधिकारी देतो. परंतु आपले म्हणणे कोणी ऐकले काय व निर्णयाची कारणे कोणती, हे त्यास पुष्कळदा कळत नाही. या प्रश्नासाठी ज्यांनी हयात वेचली, त्या इंग्लंडातील प्रा. विल्यम रॉब्सन यांचा अल्प परिचय आम्ही ज्ञातिबांधवांस करून देत आहोत.

रॉब्सन यांचा जन्म १८९५ सालचा. पितृछत्र हरपल्यामुळे पंधराव्या वर्षीच त्यांची शाळा सुटली व हेंडन येथील विमानतळावर त्यांनी कारकुनी पत्करली. पहिल्या महायुद्धात ते वैमानिक होते. नाटककार बर्नार्ड शॉ यांनी त्यांची गाठ सिडनी वेब यांच्याशी घालून दिली आणि वेब यांच्या सल्ल्यावरून ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच सुमारास तेथे अध्ययन करीत होते, हे वाचकांस स्मरत असेलच. १९२२ साली रॉब्सन पदवीधर झाले, बॅरिस्टरही झाले, आणि १९२६ पासून त्याच संस्थेत अध्यापन करू लागले.

इंग्लंडात प्रशासकीय कायदा असा नाहीच, असे डायसी या थोर पंडिताचे मत तेव्हा प्रमाण मानले जाई. रॉब्सन यांनी १९२८ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, मंत्री, खाती व न्यायाधिकरणे रोज असंख्य तंटे निकालात काढीत आहेत. हा अधिकार काढून घ्यावा, असे त्यांचे म्हणणे नव्हते. तेथे काम जलद व अल्प खर्चात होते, हे ते जाणून होते. मात्र अधिकाऱ्याने दोन्ही बाजू ऐकाव्यात, कारणे द्यावीत आणि त्यावर अपिलास जागा असावी, असा त्यांचा आग्रह होता.

डोनोमोर समितीपुढे त्यांनी स्वतंत्र प्रशासकीय न्यायालयाची मागणी मांडली. १९३२ साली ती अमान्य झाली. पुढे १९४७ च्या नगररचना कायद्याने जमिनीच्या विकासास परवानगी आवश्यक ठरली व नाकारलेल्या परवानगीवरील अपील मंत्र्याकडे जाऊ लागले. त्यामुळे प्रश्न अधिकच निकडीचा झाला. त्याच वर्षी रॉब्सन प्राध्यापक झाले. फ्रँक्स समितीपुढे त्यांनी पुनश्च साक्ष दिली. १९५७ च्या अहवालात न्यायालयाची मागणी पुन्हा नाकारली गेली, परंतु कामकाज खुले, न्याय्य व निःपक्षपाती असावे, हे तत्त्व मान्य झाले. १९५८ च्या कायद्याने कारणे मागण्याचा हक्क नागरिकास मिळाला.

लंडन शहराच्या विस्कळीत कारभारावरही त्यांनी १९३९ साली ग्रंथ लिहिला. १९६३ च्या कायद्याने त्या कारभाराची जी पुनर्रचना झाली, तिच्या विचारास त्यांच्या अभ्यासमंडळाने मोठा हातभार लावला. १९८० साली ते निवर्तले. २००७ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये न्यायाधिकरणांवरील वरिष्ठ न्यायाधिकरण स्थापन झाले; त्यांच्या मूळ कल्पनेच्या ते बरेच जवळ जाते.

आपल्या ज्ञातीतील अनेक तरुण आज सरकारी कचेऱ्यांत अधिकारपदावर आहेत. त्यांस आमचे एवढेच सांगणे की, टेबलावरील प्रत्येक कागदामागे एक कुटुंब असते. त्याचे ऐकून घ्यावे आणि नकार द्यावयाचा झाल्यास कारण लिहून द्यावे. ज्यांची शाळा मध्येच सुटली आहे, त्यांनीही रॉब्सन यांचे चरित्र ध्यानी ठेवून धीर सोडू नये.