चार अस्वले आणि इव्हान शिश्किन

एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांत आपल्यापैकी बहुतेकांनी काढलेले झाड एकच होते: तपकिरी दांडा आणि वर हिरवा ढग. त्या वर्गबंधूंना रशियन चित्रकार इव्हान शिश्किनची ओळख करून द्यावीशी वाटते. नाव नसेल ऐकले, पण चित्र कुठेतरी पाहिले असेल. पहाटेचे धुके, दरीच्या काठावर मोडून पडलेला प्रचंड पाइन, त्यावर हुंदडणारी तीन पिल्ले आणि जवळ उभी त्यांची आई. ‘पाइनच्या अरण्यातील सकाळ’, साल 1889.

शिश्किन 1832 साली कामा नदीकाठच्या येलाबुगा गावी व्यापाऱ्याच्या घरात जन्मला. वडिलांना इतिहासाचा नाद. गावाला लाकडी नळांतून पाणी त्यांनीच आणले. मुलाला काझानच्या शाळेत घातले, पण ती अर्धवट सोडून स्वारी घरी परतली आणि काही वर्षे नुसती चित्रे काढत बसली. (आपल्याकडे असा मुलगा म्हणजे घराला घोर!) वडिलांनी मात्र 1852 मध्ये त्याला मॉस्कोच्या कलाशाळेत जाऊ दिले. पुढे पीटर्सबर्गची अकादमी, सुवर्णपदक, जर्मनी-स्वित्झर्लंडचा प्रवास असे सारे झाले. पण जीव रमला तो रशियाच्या जंगलातच. साल कशी सोलवटते, मुळे मातीतून कशी वर येतात, हे तो तासन् तास बसून रेखाटत असे. त्याच्या चित्रातले झाड कोणत्या जातीचे हे विचारावे लागत नाही. 1870 मध्ये गावोगाव प्रदर्शने नेणाऱ्या चित्रकारांची संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत तो होता.

घरी मात्र दैव फिरले. दोन लहान मुले गेली, 1874 मध्ये पत्नी गेली. तो दारूच्या आहारी गेला. त्यातून सावरून त्याने ‘राय’ हे पिकल्या शेताचे चित्र काढले, आपल्या विद्यार्थिनीशी, चित्रकार ओल्गाशी, लग्न केले. 1881 मध्ये मुलीच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत तीही वारली.

आता त्या अस्वलांविषयी. ती शिश्किनने काढलेलीच नाहीत! ती त्याचा मित्र कॉन्स्टंटिन सावित्स्की याने रंगवली. चित्रावर दोघांच्या सह्या होत्या. संग्राहक त्रेत्याकोव याने चित्र घेतले आणि सावित्स्कीची सही पुसून टाकली. चित्राची सारी धाटणी शिश्किनचीच आहे, असे त्याचे म्हणणे. मला हे पटत नाही. अरण्य शिश्किनचे खरे, पण ही अस्वले पुढे मिठाईच्या वेष्टनावरही जाऊन बसली, आणि घरोघरी चित्राला ‘तीन अस्वले’ म्हणू लागले. मोजली तर चार आहेत.

1898 साली त्याने ‘जहाजांचे वन’ हे मोठे चित्र पूर्ण केले. त्यातले उंच, सरळ पाइन येलाबुगाजवळचे, लहानपणी पाहिलेले. त्याच वर्षी मार्चमध्ये, नवे चित्र हाती घेतले असताना, शिश्किन ईझलसमोरच गेला.