शिसे, स्त्रिया आणि डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन

उत्पादनखर्चाचा विचार करताना कच्चा माल, मजुरी, व्याज आणि भाडे यांची मोजदाद होते. कामगाराच्या शरीराची झीज मात्र कोणत्याच खात्यात दिसत नाही. ही झीज अमेरिकेत पद्धतशीरपणे मोजणाऱ्या आद्य व्यक्तींमध्ये डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

त्यांचा जन्म १८६९ चा. बालपण इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथे गेले. ग्रीक संस्कृतीच्या भाष्यकार म्हणून पुढे विख्यात झालेल्या ईडिथ या त्यांच्या थोरल्या भगिनी. १८९३ मध्ये मिशिगन विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊन आणि काही काळ जर्मनीत अध्ययन करून १८९७ साली त्या शिकागोला आल्या आणि जेन अ‍ॅडम्स यांच्या ‘हल हाऊस’ या सेवासंस्थेत राहू लागल्या. आसपासची वस्ती स्थलांतरित मजुरांची होती. या मजुरांचे आजार वैद्यकाच्या पुस्तकांत नव्हते. त्यांची मुळे कारखान्यांत होती.

१९१० मध्ये इलिनॉय राज्याने व्यवसायजन्य रोगांची पाहणी हाती घेतली, तिची सूत्रे डॉ. हॅमिल्टन यांच्याकडे आली. कारखान्यात शिरण्याचा कायदेशीर अधिकार त्यांना नव्हता. मालकांची मनधरणी करून त्या आत जात, आणि रुग्णालयांच्या नोंदी व मजुरांची घरे धुंडाळून शिशाने विषबाधा झालेल्यांचा माग काढीत. मजूर हात न धुता जेवतात म्हणून आजारी पडतात, असा मालकांचा ठाम समज होता. सोयीस्करच समज तो! खरे विष हवेतील धूळ आणि वाफ यांतून फुफ्फुसात जाते, हे डॉ. हॅमिल्टन यांनी दाखवून दिले. १९११ साली राज्याला कायदा करावा लागला.

शिशाच्या उद्योगांतील स्त्रियांविषयीचा त्यांचा अहवाल १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गर्भपात, मृत अपत्ये, वंध्यत्व, जन्मल्यावर अल्पावधीत दगावणारी मुले, असा या विषाचा परिणाम युरोपात आधीच नोंदला गेला होता. शिसे हाडांत साठते आणि गर्भारपणात व अंगावर पाजण्याच्या काळात कॅल्शियमबरोबर रक्तात उतरून बालकापर्यंत पोहोचते, हे आज निर्विवाद आहे. परंतु डॉ. हॅमिल्टन केवळ शरीरशास्त्रापाशी थांबल्या नाहीत. मातीच्या भांड्यांना झिलई देणाऱ्या कारखान्यांत स्त्रियांना विषबाधा अधिक होते, याचे कारण त्यांची प्रकृती नाजूक हेच आहे का, असा प्रश्न त्यांनी विचारला. त्या कामातील पुरुष संघटित व चांगल्या वेतनाचे, तर स्त्रिया असंघटित, तुटपुंज्या मजुरीच्या आणि अर्धपोटी होत्या. म्हणजे जिला दुर्बलता म्हणत, तिचा काही भाग तरी दारिद्र्याचाच होता. ही दृष्टी त्या काळी विरळाच म्हटली पाहिजे.

त्याच वर्षी हार्वर्डने त्यांना अध्यापकपद दिले. त्या विद्यापीठातील त्या पहिल्याच स्त्री-अध्यापक. मात्र अध्यापकांच्या क्लबात आणि पदवीदानाच्या मिरवणुकीत त्यांना स्थान नव्हते. पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्यास त्यांनी १९२५ मध्ये जाहीर विरोध केला, तो मानला गेला नाही. भारतात असे पेट्रोल २००० साली बंद झाले. जगातून ते हद्दपार व्हायला २०२१ साल उजाडले.

त्यांच्या भूमिकेत एक पेच मात्र राहिला. स्त्रियांना विषारी कामांपासून दूर ठेवणारे कायदे टिकावेत म्हणून समान हक्कांच्या घटनादुरुस्तीला त्यांनी अनेक वर्षे विरोध केला. १९५२ मध्ये तो मागे घेतला. १९७० च्या सप्टेंबरात, वयाच्या १०१ व्या वर्षी त्या निवर्तल्या. कामगारांच्या सुरक्षिततेचा व्यापक केंद्रीय कायदा त्यानंतर तीनच महिन्यांनी झाला.

तो पेच पुढे न्यायालयात गेला. एका बॅटरी-उत्पादक कंपनीने अपत्यक्षम स्त्रियांना शिशाच्या कामावर मनाई केली होती, आणि नोकरी टिकावी म्हणून एका स्त्रीने वंध्यीकरणाची शस्त्रक्रिया करून घेतली होती. १९९१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई बेकायदा ठरविली. दावेदारांत एक पुरुषही होता. बाप होण्यापूर्वी रक्तातील शिसे कमी व्हावे म्हणून त्याने रजा मागितली होती, आणि ती नाकारण्यात आली होती.