जनरल शंकरराव थोरात

सैन्यांत अधिकारी व्हावें ही आकांक्षा आमच्या शाळेंतील पुष्कळ मुलांच्या, आणि अलीकडे मुलींच्याही, मनांत घर करून असते. चिकलठाण्यास विमानतळ असल्यामुळें मान वर करून आकाशाकडे पाहण्याची संवय येथील मुलांस लहानपणींच लागते. शिवाय महाराष्ट्र शासनानें १९७७ सालीं सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था याच शहरांत स्थापन केल्यापासून खडकवासल्याचें नांव येथील विद्यार्थ्यांस परकें राहिलेलें नाहीं. अर्ज कसा भरावा, कोणतीं पुस्तकें वाचावीं, मुलाखतींत काय विचारतात, असे प्रश्न घेऊन विद्यार्थी व पालक आमच्याकडे नेहमीं येतात. परंतु ही वाट ज्यांनीं आधीं तुडविली ते कोण होते व त्यांच्या वांट्यास काय आलें, असें विचारणारा क्वचितच भेटतो. म्हणून या अंकांत लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांचें चरित्र वाचकांस सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शंकररावांचा जन्म १९०६ सालच्या ऑगस्ट महिन्यांत कोल्हापूर संस्थानांतील वडगांव येथें झाला. त्या वेळीं कोल्हापुरास राजर्षि शाहू महाराजांचें राज्य होतें. विद्या ही मूठभर लोकांची मिरास नव्हे, असें मानणारा तो राजा. १९१७ सालीं त्यानें आपल्या संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें, तेव्हां शंकरराव अकरा वर्षांचे होते. ज्या मुलखांत शेतकऱ्याच्या पोरानेंही पाटी हातांत धरावी असा हुकूम निघाला, त्या मुलखांत त्यांचें बाळपण गेलें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

त्या काळीं हिंदी तरुणास लष्करांत राजाचें कमिशन मिळणें ही अपूर्व गोष्ट होती. हिंदी शिपाई शौर्यानें व इमानानें चढत चढत सुभेदार-मेजर होई. त्यापुढची पायरी त्याच्यासाठीं नव्हतीच. कालचा आलेला इंग्रज पोरगा त्याचा वरिष्ठ ठरे. पहिल्या महायुद्धांत हिंदी पलटणींनीं फ्रान्सपासून मेसोपोटेमियापर्यंत रक्त सांडलें, तेव्हां कोठें १९१८ पासून इंग्लंडांतील सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयांत हिंदी तरुणांकरितां वर्षास दहा जागा राखून ठेवण्यांत आल्या. तीस कोटींहून अधिक वस्तीच्या देशास दहा जागा! या दहांत शिरण्यासाठीं उमेदवारानें सरकारी अधिकाऱ्यांमार्फत अर्ज करावा, शरीराची तपासणी द्यावी, आपल्या शिक्षणाची पारख करून घ्यावी आणि मोठमोठ्या अंमलदारांसमोर मुलाखतीस उभें राहावें, असा क्रम असे. निवड झाली तरी इंग्लंडांतील राहण्याचा व शिक्षणाचा मोठा खर्च बापाच्या माथीं पडे.

इतकें करूनही तेथें गेलेल्या हिंदी मुलांपैकीं बरीच मुलें अपयशी होऊन परतत. त्याचें कारण बुद्धीची उणीव हें नव्हतें. इंग्रज मुलगा ज्या प्रकारच्या शाळेंतून येई, त्या शाळेंत खेळ, शिस्त, पुढारीपण व चारचौघांत निर्भयपणें बोलणें हीं सारीं अंगवळणीं पडलेलीं असत. आमचा मुलगा पाठांतरांत पक्का, परंतु मैदानावर व संभाषणांत बुजरा. ही उणीव ओळखून १९२२ सालीं डेहराडून येथें पूर्वतयारीची एक लष्करी शाळा काढण्यांत आली. तयारी म्हणजे केवळ पुस्तकांची तयारी नव्हे, ही गोष्ट आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वींच कळून चुकली होती. आजही कित्येक पालकांस ती कळावयाची आहे.

शंकररावांनीं ही अवघड परीक्षा पार पाडली, आणि १९२६ सालीं सँडहर्स्टचें शिक्षण पुरें करून ते लष्करांत अधिकारी झाले. त्यांचें वय तेव्हां अवघें वीस वर्षांचें होतें. पुढें भारताचे सरसेनापति झालेले कोडगूचे थिमय्या हेही त्याच वर्षीं सँडहर्स्टहून बाहेर पडले. या दोघांचीं आयुष्यें पुढें वारंवार एकत्र गुंफलीं गेलीं.

येथें एक शंका आमचे चिकित्सक विद्यार्थी काढतील. देशांत असहकाराची चळवळ नुकतीच होऊन गेलेली. अशा वेळीं परक्या राजाची तलवार कमरेस बांधणें योग्य होतें काय? शंका रास्त आहे. परंतु लष्कराचे अधिकारी हिंदी असावेत ही मागणी आपल्या पुढाऱ्यांचीच होती, आणि १९२५ सालीं या प्रश्नासाठीं नेमलेल्या स्कीन कमिटीवर पंडित मोतीलाल नेहरू व बॅरिस्टर जिना यांचीं नांवें होतीं, हेंही ध्यानांत घेतलें पाहिजे. स्वराज्य आल्यावर त्याचें रक्षण करणारे हात कोठून येणार होते? ते एका रात्रींत तयार होत नाहींत. पुढें १९३२ सालीं डेहराडून येथें भारतीय लष्करी प्रबोधिनी उघडली, ती याच मागणीचें फळ होय.

शंकरराव चौदाव्या पंजाब रेजिमेंटच्या पहिल्या पलटणींत दाखल झाले. तेव्हां सरकारचें धोरण असें होतें, कीं हिंदी अधिकाऱ्यांना ठराविक आठ पलटणींतच ठेवावें, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांवर हुकूम चालविण्याचा प्रसंग त्यांना येऊं नये. हिंदी माणूस पलटणीचें नेतृत्व करूं शकेल काय, असा उघड संशय त्या धोरणाच्या मुळाशीं होता. हा संशय वादविवादानें फिटणारा नव्हता. तो रणांगणावरच फिटावयाचा होता.

तो प्रसंग १९४५ च्या जानेवारींत ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर कांगो येथें आला. माघार घेणाऱ्या जपानी सैन्याचा रस्ता तोडण्यासाठीं एक्कावन्नावी ब्रिगेड तेथें उतरली. तिच्यांतील तिन्ही पलटणींचे नायक हिंदी होते: थिमय्या, एल. पी. सेन आणि दुसऱ्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे नायक शंकरराव थोरात. मेलरोझ या सांकेतिक नांवाची टेकडी जपान्यांनीं खंदक खणून बळकट केली होती. पहिले हल्ले फसले. अखेर महिना सरतां सरतां शंकररावांच्या पलटणीनें संगिनी रोखून ती टेकडी सर केली. तिन्ही नायकांस डी. एस. ओ. हें मोठें शौर्यपदक मिळालें. दहा जागांचें दान ज्यांना संशयानें दिलें गेलें होतें, त्यांनीं त्याचें उत्तर असें दिलें.

परंतु आमच्या मतें शंकररावांची खरी कसोटी लढाईंत लागली नाहीं. ती शांततेच्या कामांत लागली. १९५३ सालीं कोरियांतील युद्ध थांबलें, तेव्हां मायदेशीं परतण्यास नकार देणारे बावीस हजारांहून अधिक चिनी व उत्तर कोरियन कैदी कोणाच्या ताब्यांत ठेवावयाचे, असा पेंच पडला. हें काम भारताकडे आलें. तटस्थ राष्ट्रांच्या मंडळाचे अध्यक्ष थिमय्या होते आणि कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय फौजेचे सेनापति शंकरराव होते. कैदी प्रक्षुब्ध, आणि दोन्ही बाजू भारताकडे संशयानें पाहणाऱ्या, अशी ती स्थिति होती. सप्टेंबर महिन्यांत एका कोंडवाड्यांतील कैद्यांनीं मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्यास आंत ओढून ओलीस ठेवलें. गोळीबार करावा, तर शेंकडों कैदी मरतील व ग्रेवालही वांचणार नाहींत. न करावा, तर फौजेची अब्रू जाईल. शंकरराव मोजक्या सोबत्यांसह, हातांत शस्त्र न घेतां, खवळलेल्या जमावांत शिरले. ते शांतपणें बोलले, त्यांनीं ऐकून घेतलें, धीर सोडला नाहीं. आणि आपल्या अधिकाऱ्यास सोडवून बाहेर आणलें. रक्ताचा थेंबही सांडला नाहीं. या कामगिरीबद्दल भारत सरकारनें त्यांना अशोक चक्र, वर्ग दुसरा, हा बहुमान दिला. यासच आतां कीर्ति चक्र म्हणतात.

१९५७ सालीं ते पूर्व विभागाचे सेनापति झाले. ईशान्य सीमेची पाहणी करून त्यांनीं ओळखलें, कीं सरहद्दीला चिकटून बसविलेल्या लहान लहान चौक्या चीनच्या मोठ्या हल्ल्यापुढें टिकणार नाहींत. त्या केवळ इशाऱ्यासाठीं ठेवाव्या, आणि मुख्य बचाव मागें, जेथें रसद पोंचते अशा ठिकाणीं उभारावा. १९५९ सालीं त्यांनीं हा अहवाल वर पाठविला, आणि मार्च १९६० मध्यें लखनौ येथें 'लाल किल्ला' नांवाच्या लष्करी सरावांत कोणती जागा केव्हां पडेल हें नकाशावर मांडून दाखविलें. सरसेनापति थिमय्यांनीं तो अहवाल संरक्षणमंत्र्यांकडे धाडला. तेथें तो अतिशयोक्त ठरून बाजूस पडला. १९६१ सालीं थिमय्या निवृत्त झाले. आपल्यामागें शंकररावांस नेमावें अशी त्यांची शिफारस होती. नेमणूक मात्र जनरल थापर यांची झाली, आणि शंकरराव त्याच वर्षीं सेवेंतून निवृत्त झाले. पुढच्याच वर्षीं, ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२ मध्यें, चीनचें आक्रमण झालें, आणि नकाशावर दाखविलेली घसरण बहुतेक तशीच प्रत्यक्षांत घडून आली. पराभवानंतर पंडित नेहरूंनीं आपणांस बोलावून त्या अहवालाविषयीं विचारलें, अशी हकीकत त्यांनीं आपल्या आत्मचरित्रांत दिली आहे.

सैन्यांतील सर्वांत मोठी निवड अशा रीतीनें शंकररावांच्या हातून निसटली. ज्या मनुष्यानें दहा जागांच्या स्पर्धेत यश मिळविलें, त्याला एका जागेच्या निवडींत अपयश आलें. परंतु त्यामुळें त्यांचा अहवाल खोटा ठरला नाहीं, कीं कोरियांतील तें धैर्य कमी झालें नाहीं. १९९२ सालच्या ऑगस्टमध्यें त्यांचें निधन झालें, तेव्हां त्यांच्यामागें जें नांव राहिलें तें अनेक सरसेनापतींनाही लाभलेलें नाहीं.

आतां दोन शब्द आमच्या विद्यार्थ्यांसाठीं. आज दहा जागांची अट उरलेली नाहीं. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा संघ लोकसेवा आयोग वर्षांतून दोनदां घेतो. बारावींत शिकत असतांनाच तिला बसतां येतें. लेखी परीक्षेस ९०० गुण आहेत, पैकीं गणितास ३०० व सामान्य ज्ञान-इंग्रजीच्या पत्रिकेस ६००. चुकलेल्या उत्तरास गुण कापले जातात, म्हणून ठोकताळ्यानें उत्तर देण्याची खोड आजच मोडावी. तितकेच ९०० गुण पुढील निवडमंडळाचे आहेत. तेथें चार-पांच दिवस चित्रावरून गोष्ट लिहिणें, अडचणीच्या प्रसंगीं काय कराल तें सांगणें, मैदानावर इतरांसह ओझें ओलांडून नेणें व मुलाखत देणें असें सर्व होतें. तेथें आपली माहिती उमेदवार स्वतःच कागदावर लिहून देतो, आणि मुलाखत बहुतांशीं त्याच कागदावरून होते. जो खेळ तुम्ही खेळलां नाहीं तो त्यांत लिहूं नका. दुसऱ्याच प्रश्नास तो उघडा पडेल. २०२२ सालापासून खडकवासल्याचीं दारें मुलींसही उघडलीं आहेत. तेव्हां हे शब्द त्यांच्यासाठींही आहेत.

पालकांस आमची एक विनंति आहे. मुलाचें नांव यादींत आलें नाहीं, तर घरांत सुतक पाळूं नये. निवडमंडळ त्या दिवशींच्या मुलास पाहतें. आयुष्य त्याच्या पुढच्या चाळीस वर्षांस पाहतें. पहांटे उठणें, अवघड गणित दुसऱ्याची वही न पाहतां सोडविणें, खेळांत हरल्यावर प्रतिस्पर्ध्याचा हात हातांत घेणें, आणि खरें असेल तें वरिष्ठांस न रुचलें तरी आदरानें सांगणें, ही तयारी ज्यानें मनापासून केली त्याची ती मेहनत, यादींत नांव असो वा नसो, वायां जात नाहीं. शंकररावांच्या चरित्रांतून आम्हांस तरी एवढाच अर्थ दिसतो, आणि तो आमच्या मुलांनीं व मुलींनीं ध्यानांत धरावा एवढीच आमची इच्छा आहे.