व्याधिग्रस्त क्रांतिकारक : जाँ पॉल मारा

खाज हा आपल्याकडे थट्टेचा विषय आहे. ताप आला तर चार माणसे विचारपूस करतात. खाज सुटली तर हसतात, आणि रोगीही ती लपवीत राहतो. परंतु महिनोन्‌महिने न थांबणारी खाज माणसाची काय दशा करते, हे फ्रेंच राज्यक्रांतीचा एक पुढारी जाँ पॉल मारा याच्या चरित्रावरून दिसून येते.

माराचा जन्म २४ मे १७४३ रोजी आजच्या स्वित्झर्लंडमधील बूद्री या गावी झाला. विशेष म्हणजे तो स्वतः डॉक्टर होता. त्याने इंग्लंडमध्ये काही वर्षे व्यवसाय केला आणि १७७५ मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळवली. पुढे फ्रान्सच्या राजाच्या धाकट्या भावाच्या अंगरक्षक दलाचा तो वैद्य झाला. अग्नी, प्रकाश व वीज यांवरील त्याच्या प्रयोगांना मात्र पॅरिसच्या विज्ञान अकादमीने मान्यता दिली नाही.

१७८९ मध्ये क्रांतीचा वणवा पेटला आणि माराने वैद्यकी सोडून वृत्तपत्र काढले. त्याच्या नावाचा अर्थ 'लोकमित्र'. गोरगरिबांचा कैवार घेणारी त्याची लेखणी विरोधकांची मुंडकीही मागत असे. अटक टाळण्यासाठी त्याला अनेकदा तळघरांत लपावे लागले. १७९२ मध्ये तो राष्ट्रीय सभेवर निवडून आला; पण तोवर त्वचारोगाने त्याला ग्रासले होते.

अंगावर फोड, चट्टे आणि असह्य खाज! पाण्यात बसले की तेवढ्यापुरता आराम पडे. म्हणून १७९३ च्या उन्हाळ्यात सभेला जाणे सोडून तो घरी टबातच बसून राही, कपाळाला व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके बांधी आणि टबावर आडवी फळी टाकून लिहीत असे. १३ जुलै १७९३ रोजी शार्लोत कोर्दे ही तरुणी फितुरांची नावे सांगण्याच्या निमित्ताने आत आली आणि तिने त्याच्या छातीत सुरा खुपसला.

त्याचा रोग कोणता, यावर डॉक्टर आजवर वाद घालीत आले आहेत. कोणी खरूज म्हटले, कोणी गव्हातील ग्लुटेनशी संबंधित असलेला फोडांचा विकार. मृत्यूच्या वेळी त्याच्या हाताशी असलेला वृत्तपत्राचा रक्ताळलेला अंक बहिणीने जपून ठेवला होता. २०१९ मध्ये त्यावरील डागांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध झाली. तीत खरजेच्या किड्याचा माग लागला नाही. मालासेझिया ही बुरशी मात्र आढळली. ही बुरशी निरोगी त्वचेवरही असते, तेव्हा हा निर्णय अखेरचा नव्हे.

माराची निष्ठुरता खाजेमुळे आली, असे काही लेखक मानतात. परंतु राजसत्तेच्या जुलुमाविरुद्धचा त्याचा ग्रंथ १७७४ मधला, म्हणजे क्रांतीच्याही आधीचा आहे. व्याधीने माणूस चिडतो, पण त्याच्या मतांची आणि कृत्यांची जबाबदारी व्याधीवर टाकता येत नाही.

माराला कारण कळले नाही, म्हणून पाण्यावर भागवावे लागले. आज तशी वेळ नाही. सहा आठवड्यांहून अधिक टिकणारी खाज कोरड्या त्वचेने, इसबाने वा खरजेने येते. तशीच मूत्रपिंड, यकृत किंवा थायरॉइडच्या विकारानेही येते. खाजवल्याने त्वचा सुजते आणि खाज आणखी वाढते. खरूज असेल तर घरातील सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावे लागतात. म्हणून मित्रहो, लाज सोडून वेळीच डॉक्टरांकडे जावे, आणि दुसऱ्याच्या खाजेला हसू नये.