चित्रपटावर जन्मभर प्रेम करणारे दादासाहेब फाळके



चित्रपट आपण सगळेच आवडीने पाहतो, परंतु पाहिलेल्या चित्रपटाचा विचार करणारे थोडेच असतात. अशाच एका डोळस प्रेक्षकाची, धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांची ओळख आम्ही या अंकात करून देत आहोत.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात व बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी शिक्षण घेतले. पुढे छपाईचा व्यवसाय केला, पण भागीदारांशी न पटल्याने तो सोडला. चाळिशी आली होती आणि हाताला काम नव्हते. अशा वेळी, १९११ च्या सुमारास, मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर आपले राम-कृष्ण का दिसू नयेत, हा विचार त्यांच्या मनात घर करून बसला.

मग रोज संध्याकाळी चित्रपट पाहायचा आणि घरी येऊन अभ्यास करायचा, असा क्रम सुरू झाला. झोप कमी व ताण जास्त. परिणामी डोळे बिघडले व काही काळ दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परत आली, तरी ध्यास सुटला नाही. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली ते लंडनला गेले, तंत्र शिकले आणि कॅमेरा घेऊन परतले. कुंडीतल्या वाटाण्याचे रोप कसे वाढते, याचे चित्रीकरण हा त्यांचा पहिला प्रयोग होता.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात प्रदर्शित झाला. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा साळुंके नावाच्या तरुणाने ती केली. आपल्याकडे दशावतारात पुरुषांनी रंगवलेली स्त्रीपात्रे पाहणाऱ्यांना याचे नवल वाटणार नाही. या साऱ्या खटाटोपात पत्नी सरस्वतीबाईंचा वाटा मोठा होता. फिल्मला छिद्रे पाडण्यापासून सर्व मंडळींच्या जेवणापर्यंतची कामे त्यांनी सांभाळली. त्यांचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

'लंकादहन', 'कालिया मर्दन' असे मूकपट गाजले. पण १९३१ मध्ये बोलपट आला आणि काळ बदलला. 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले, तेव्हा चित्रपटसृष्टी त्यांना जवळजवळ विसरली होती. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून सुरू झाला. मूळच्या मंगेशीच्या मंगेशकर घराण्यातील लतादीदी व आशाताई या दोघींनाही तो लाभला, ही गोमंतकीयांना अभिमानाची गोष्ट आहे.

२००४ पासून पणजीत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. नार्व्याहून पणजी काही लांब नाही. मुलांनो, चित्रपट जरूर पाहा. पण पाहून झाल्यावर तो का आवडला, कसा केला असेल, हे चार ओळींत वहीत लिहा. ती वही आम्ही आनंदाने वाचू.