सर जॉर्ज न्यूमन : आकड्यांमागची माणसे

आमच्या वडिलांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर 1 जून आहे. खरी तारीख आजीला सांगता येईना, म्हणून गुरुजींनी ती लिहिली. आजीची दोन मुले तान्हेपणीच गेली. त्यांची तर कोठे नोंदही नाही. म्हणूनच मुलांच्या जन्ममृत्यूच्या नोंदींत आयुष्य घालविणाऱ्या एका इंग्रज डॉक्टरांचे चरित्र मला जवळचे वाटले.

जॉर्ज न्यूमन यांचा जन्म 1870 साली इंग्लंडमधील लेम्स्टर या गावी एका क्वेकर कुटुंबात झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी एडिंबरो व लंडन येथे घेतले आणि 1900 साली ते लंडनमधील फिन्सबरी विभागाचे आरोग्याधिकारी झाले. सुमारे 1 लाख लोकवस्तीचा हा विभाग अतिशय दाटीवाटीचा होता. कित्येक कुटुंबांचा संसार एकाच खोलीत चाले. त्या काळी इंग्लंडमध्ये जन्मणाऱ्या दर 1000 मुलांपैकी सुमारे 150 मुले वर्षाची होण्याआधीच दगावत.

न्यूमन नुसत्या सरासरीवर थांबले नाहीत. घरात खोल्या किती, त्याप्रमाणे त्यांनी मृत्यूचे आकडे वेगळे केले. एका खोलीत राहणाऱ्यांतील मृत्यूचे प्रमाण चार खोल्यांत राहणाऱ्यांपेक्षा कितीतरी पट अधिक निघाले. उन्हाळ्यात अतिसाराने मुले जात. त्यांत अंगावरच्या दुधाऐवजी बाहेरच्या दुधावर वाढणारी अधिक असत. तान्ह्या मुलांना चांगले दूध मिळावे म्हणून फिन्सबरीत दूधकेंद्र निघाले. बालमृत्यू हा सामाजिक प्रश्न आहे, हे त्यांनी 1906 च्या आपल्या ग्रंथात मांडले. मात्र मातांच्या अज्ञानावर त्यांनी फार भर दिला आणि गरिबीला कमी दोष दिला, अशी टीका पुढे झाली.

1907 साली ते शिक्षण मंडळाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी झाले व शाळकरी मुलांच्या वैद्यकीय तपासणीची व्यवस्था त्यांनी उभी केली. 1911 साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. 1919 साली नव्या आरोग्य मंत्रालयाचे पहिले मुख्य वैद्यकीय अधिकारी होण्याचा मान त्यांना मिळाला. 1935 साली ते निवृत्त झाले, तेव्हा बालमृत्यूचे प्रमाण हजारी 57 वर आले होते.

परंतु येथेच या चरित्राचा अवघड भाग येतो. 1930 नंतरच्या मंदीत लाखो कामगार बेकार झाले, तरी न्यूमन यांचे वार्षिक अहवाल देशाचे आरोग्य चांगले असल्याचे सांगत राहिले. सरासरी सुधारत होती, हे खरे. पण बेकारीने पिचलेल्या भागांतील माता व मुलांचे हाल तिच्याआड झाकले गेले, असा आक्षेप त्याच काळात घेतला गेला. फिन्सबरीत सरासरी फोडून पाहणारा माणूस लंडनच्या मोठ्या कचेरीत सरासरीवरच समाधान मानू लागला, असे मला वाटते.

1948 साली त्यांचे निधन झाले. मित्रहो, त्यांचे काम थोर होते, यात शंका नाही. आकडा कोणत्या घरातून आला, हे विचारण्याची त्यांची तरुणपणीची सवय आपण उचलावी आणि खुर्ची मिळाल्यावरही ती सोडू नये.