दंडाऐवजी विश्वास : जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल

घाटंजी परिसरातील जिनिंग कारखान्यांना दिवाळीनंतर जाग येते. कापसाच्या गाड्या दारात उभ्या राहतात आणि मालकाच्या मनात दरवर्षीचीच चिंता डोकावते. उद्या मजूर येतील का? आले तर टिकतील का? एखाद्याच्या हलगर्जीपणाने रुईच्या गंजीला आग तर लागणार नाही? माणसांमुळे उद्भवणारा धोका वर्तनशास्त्राच्या आधारे कसा आटोक्यात ठेवावा, याचे धडे आज व्यवस्थापनाच्या वर्गांत दिले जातात. मात्र या शास्त्राला नावही नव्हते तेव्हा विदर्भाच्याच कापसावर चालणाऱ्या एका गिरणीत त्याचा प्रयोग झाला होता. तो करणारे गृहस्थ होते जमशेटजी नसरवानजी टाटा.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधील नवसारी येथे, पारशी पुरोहितांच्या घराण्यात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून शिक्षण घेऊन ते वडिलांच्या व्यापारात शिरले. १८६९ मध्ये चिंचपोकळी येथील एक बंद पडलेली तेलाची गिरणी विकत घेऊन त्यांनी तिचे कापडगिरणीत रूपांतर केले आणि दोन वर्षांत ती नफ्यात विकली. पुढच्या गिरणीसाठी मात्र त्यांनी मुंबई सोडून नागपूर निवडले. वऱ्हाडचा कापूस हाताशी होता, वरोऱ्याचा कोळसा जवळ होता आणि रेल्वेही आलेली होती. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई व त्याच कापूसपट्ट्यात मोडत असे. १८७४ मध्ये पंधरा लाख रुपयांच्या भांडवलावर कंपनी स्थापन झाली आणि १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली.

माणसे पारखण्याची त्यांची रीत प्रथम दिसली ती व्यवस्थापकाच्या निवडीत. बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेच्या मालवाहतूक विभागातील अधिकारी. कापडधंद्याची त्यांना काहीच माहिती नव्हती. जमशेटजींनी त्यांची सचोटी आणि शिस्त पाहिली, गिरणी त्यांच्या हाती सोपवली आणि यंत्रांची बाजू सांभाळण्यासाठी जेम्स ब्रुक्सबी या जाणकाराची जोड दिली. ही जोडी यशस्वी ठरली.

खरी कसोटी पुढेच होती. नागपूरचा कामगार शेतीशी बांधलेला होता. पेरणी, कापणी, लग्नसराई आली की तो गावाकडे निघून जाई आणि गरजेपुरते पैसे मिळाले की घरी थांबे. गैरहजेरी पाचव्या हिश्शापर्यंत पोहोचत असल्याचे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. अशा वेळी दंड करणे किंवा कामावरून काढून टाकणे, हाच त्या काळचा सर्वमान्य उपाय होता. जमशेटजींनी प्रश्न उलटा विचारला. उद्याची शाश्वती नसलेला माणूस गिरणीला आपली का मानील?

उत्तर त्यांनी व्यवस्थेतूनच दिले. नियमित व चांगल्या कामासाठी बक्षीस समारंभ सुरू झाले. त्यांत रोख रकमा, घड्याळे, सोन्याच्या साखळ्या दिल्या जात. चारचौघांसमोर होणारा हा गौरव पैशाइतकाच मोलाचा होता. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. गिरणीतील हवा सुसह्य व्हावी म्हणून आर्द्रता राखणारी यंत्रे आणि आग विझवणारे स्वयंचलित फवारे बसवले गेले. सुशिक्षित तरुणांना उमेदवार म्हणून घेऊन घडवण्याची पद्धतही येथेच रुजली. अमेरिकेतील हॉथॉर्न कारखान्यात कामगारांच्या वर्तनाचे गाजलेले प्रयोग सुरू झाले ते १९२४ मध्ये, म्हणजे एम्प्रेस मिल सुरू झाल्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. त्या काळी प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांवर कायद्याचे बंधन नव्हते. ते आले १९११ मध्ये आणि तेही बारा तासांचे. शिवाय गिरणीतील सवलती म्हणजे मालकाचे औदार्य होते, कामगाराचा हक्क नव्हे. नुकसानभरपाईचा कायदा १९२३ मध्ये झाला आणि भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ मध्ये. तोवर कामगाराचे भवितव्य मालकाच्या स्वभावावर अवलंबून राहिले. म्हणूनच जमशेटजींचे मोठेपण केवळ दयाळूपणात शोधणे अपुरे ठरेल. कामगाराचे भले आणि गिरणीचा नफा हे परस्परांचे शत्रू नाहीत, हे त्यांनी हिशेबाच्या वहीत सिद्ध केले, ही त्यांची खरी कामगिरी होय.

पोलाद कारखान्याचे स्वप्न पाहताना त्यांनी कामगारांच्या वसाहतीचाही विचार केला. रुंद रस्ते, सावलीची झाडे, मैदाने आणि प्रार्थनास्थळे असलेले नगर वसवावे, असे त्यांनी १९०२ मध्ये पुत्र दोराबजींना कळवले होते. ते नगर पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले. १९१२ मध्ये टाटांच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू झाला, तो याच विचाराच्या वाटेवर.

एम्प्रेस मिलचा भोंगा आता थांबला आहे. तिच्या जागेवर मॉल उभा आहे. विदर्भात कापूस मात्र पिकतोच आहे आणि तो पिंजणारे हातही दर हंगामात नव्याने शोधले जात आहेत. ते हात टिकत नाहीत, अशी तक्रार करण्यापूर्वी, त्यांनी टिकावे असे आपण काय दिले, हे विचारण्याची सवय जमशेटजींकडून घेण्यासारखी आहे.